आवाज फाटू नये म्हणून

आबांचा अँप्लिफायर मी 40 सेकंदांत जाळला. मोजून 40, कारण मोबाइलवर व्हिडिओ चालू होता.

भिवंडीतलं आमचं तीन बत्तीजवळचं जुनं घर पाडायला निघालं होतं. माळा रिकामा करताना पत्र्याच्या पेटीखाली तो सापडला. हिरवट रंगाचा जाड पत्रा, पुढे पाच मोठी बटणं, नावाची पाटी कधीच निघून गेलेली. तिच्या जागी दोन भोकं. वजन 15 किलोच्या आसपास. आबांचा लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. लग्न, निवडणूक, गणपती, उरूस, शाळेचं गॅदरिंग, काहीही असो, आबा हातगाडीवर दोन कर्णे आणि हा डबा टाकून हजर. मी जन्मायच्या आधीच धंदा बंद झाला होता. बाबा म्हणाले, "भंगारवाल्याला दे, आत तांबं बरंच असेल."

मी मात्र मागची जाळी काढून आत डोकावलो आणि हरखलो. व्हॉल्व्ह! दोन मोठे, दोन छोटे. मी गिटार वाजवतो. चांगली नाही वाजवत, पण वाजवतो. गिटार वाजवणाऱ्याला ट्यूब अँप म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. दुकानात त्याची किंमत बघून मी दोनदा परत फिरलो होतो, आणि इथे तोच फुकटात समोर. मी कापड गुंडाळलेली जुनी वायर प्लगमध्ये खुपसली, व्हिडिओ चालू केला आणि स्विच दाबला.

आधी नारिंगी उजेड आला. मग मोठ्या व्हॉल्व्हपैकी एकाच्या आतला करडा पत्रा हळूहळू लाल व्हायला लागला. मला वाटलं, असंच असतं. व्हिडिओत माझा "काय दिसतोय यार" असा आवाज ऐकू येतो. मग डांबरासारखा वास, एक बारीक 'टक्', धूर, आणि मी पायाने वायर ओढलेली. फ्यूज उडाला नाही. उडणार कसा? फ्यूजच्या जागी कुणीतरी कधीतरी तांब्याची जाड तार गुंडाळून ठेवली होती.

मी कॉम्प्युटर इंजिनिअर आहे. चार वर्षांच्या डिग्रीत व्हॉल्व्हवर एक परिच्छेद होता, तोही 'संगणकाच्या पिढ्या' या धड्यात. पहिली पिढी: व्हॅक्यूम ट्यूब, आकाराने मोठी, वीज जास्त खाते, लवकर तापते. परीक्षेत दोन मार्क. म्हणजे मला जे ठाऊक होतं ते इतकंच, की ही गोष्ट संपली.

ती कशी चालते हे जाळल्यावर शिकलो. काचेच्या पोकळीत एक नळी तापते, तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या धनभारित पत्र्याकडे, प्लेटकडे, धावतात. जॉन फ्लेमिंगने 1904 मध्ये एवढंच केलं होतं. 1906 मध्ये ली डी फॉरेस्टने मध्ये तारेची एक जाळी बसवली. तिच्यावर चिमूटभर व्होल्टेज दिलं की मधली सगळी धाव कमी-जास्त होते. धरणाच्या दरवाज्यासारखं समजा. दरवाजा हलवायला फार जोर लागत नाही, पण पाणी किती सुटतं ते बघा. माइकमधून येणारा किंवा गिटारच्या तारेखालच्या पिकअपमधून येणारा क्षीण सिग्नल त्या जाळीवर द्यायचा, प्लेटवर तो मोठा होऊन मिळतो. ईसीसी83 नावाच्या बोटाएवढ्या व्हॉल्व्हचा वर्धनांक 100 आहे. आत हलणारं काही नाही, चिप नाही, कोड नाही. सगळं डोळ्यांना दिसतं. माझ्यासारख्याला, ज्याचं काम कधीच हातात धरता येत नाही, हे फार भारी वाटलं.

पण हे शिकायचं कुणाकडे? यूट्यूबवर अमेरिकेतले म्हातारे खूप आहेत. त्यांचं ऐकता ऐकता एक गोष्ट लक्षात आली, आणि तिथून मी इतिहासात घसरलो. गिटारचा अँप्लिफायर गिटारवाल्यांनी शोधलेलाच नाही. तो रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी बनवला. लिओ फेंडरने 1938 मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला दुकान टाकलं ते रेडिओ दुरुस्तीचं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती. शेजारपाजारचे वादक बिघडलेली यंत्रं घेऊन यायचे, ती उघडून बघता बघता तो स्वतःची बनवायला लागला. लंडनच्या हॅनवेलमध्ये जिम मार्शलचं वाद्यांचं दुकान होतं. तो मूळचा ड्रमर. फेंडरचे अमेरिकन अँप इंग्लंडमध्ये फार महाग पडायचे, म्हणून 1962 च्या सुमारास त्याच्या दुकानात दुरुस्ती करणाऱ्या केन ब्रॅनने आणि डडली क्रेव्हन या पोरसवदा तंत्रज्ञाने फेंडरच्या 'बेसमन'चं सर्किट समोर ठेवून तसाच एक बनवला. सर्किट तेच, पण व्हॉल्व्ह, ट्रान्सफॉर्मर, स्पीकर जे इंग्लंडच्या बाजारात मिळाले ते. त्या बदललेल्या भागांमुळे आवाज बदलला, आणि पुढे ज्याला जग 'मार्शल साउंड' म्हणू लागलं त्याची सुरुवात तिथे झाली. आपल्याकडे याला जुगाड म्हणतात आणि थोडं हसतात.

मग मला प्रश्न पडला तो असा. व्हॉल्व्ह आपल्याकडे होते, दुरुस्ती करणारे होते, आयात तर त्यांच्यापेक्षाही अवघड होती. मग मुंबईच्या आसपास हे सगळं हुनर कुठे गेलं?

उत्तर माझ्या हातातल्या मीटरवर लिहिलेलं होतं. कॉलेजच्या लॅबमध्ये काट्याचा मल्टिमीटर असायचा, काळा, जड, त्यावर 'मोटवाने' असं नाव. तसाच एक मी सेकंडहँड घेतला होता, कारण त्याला 1000 व्होल्टची रेंज आहे. मोटवाने हे नाशिक रोडच्या कारखान्याचं नाव म्हणून माहीत होतं. पण त्या घराण्याची गोष्ट 1909 मध्ये सिंधमधल्या सक्करला सुरू होते, कराचीमार्गे मुंबईला येते, आणि तिथे त्यांच्या कंपनीचं नाव असतं शिकागो रेडिओ. गांधीजींचे आणि नेहरूंचे जुने सभेतले फोटो झूम करून बघा. माइकवर अनेकदा 'शिकागो रेडिओ' अशी पाटी दिसेल. नानिक मोटवाने 1931 च्या कराची अधिवेशनापासून काँग्रेसच्या सभांना लाऊडस्पीकर पुरवत होते. त्याआधी लाखभर लोकांपुढे बोलायचं म्हणजे वक्त्याचा घसा, आणि पुढचा माणूस मागच्याला सांगेल ते. व्हॉल्व्ह आला आणि बारीक आवाजाचा, हळू बोलणारा माणूसही शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. स्वातंत्र्यलढ्याच्या पुस्तकांत मीठ असतं, चरखा असतो, अँप्लिफायर नसतो. माझ्या मते असायला हवा.

याच माणसांचं नाव पुढे एका खटल्यात येतं. 'ऐ वतन मेरे वतन' हा 2024 चा सिनेमा पाहिला असेल तर उषा मेहता माहीत असतील. 1942 च्या ऑगस्टमध्ये नेते तुरुंगात गेले आणि 27 ऑगस्टला मुंबईतून 42.34 मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. सिनेमात साहजिकच बाईंच्या धाडसावर भर आहे. मला उत्सुकता होती ती यंत्राबद्दल. ट्रान्समीटर म्हणजे तरी काय, मोठे व्हॉल्व्ह, मोठे ट्रान्सफॉर्मर आणि मारून टाकील इतकं व्होल्टेज. महायुद्ध सुरू होताच सरकारने हौशी रेडिओवाल्यांचे परवाने रद्द केले होते आणि यंत्रं पोलिसांत जमा करायला सांगितली होती. अशा काळात नरिमन प्रिंटर नावाच्या हौशी तंत्रज्ञाने हा ट्रान्समीटर उभा करून दिला. सामान पुरवण्यात शिकागो रेडिओच्या नानिक मोटवानेंचा हात होता. जागा बदलत बदलत प्रक्षेपण चालू राहिलं. आणि 12 नोव्हेंबरला गिरगावात पोलिसांनी छापा घातला, तो प्रिंटर फुटल्यामुळे. ज्याने बांधलं त्यानेच दाखवलं. उषा मेहतांना चार वर्षांची सक्तमजुरी झाली, मोटवाने निर्दोष सुटले.

प्रिंटरबद्दल वाचल्यावर मी दोन दिवस त्याच्याच विचारात होतो. त्याला देशद्रोही म्हणून मोकळं होता येतं. पण त्याने स्वतःच्या हाताने, बाजारात काही मिळत नसताना, ते यंत्र बोलतं केलं होतं हेही तितकंच खरं. हुनर आणि हिंमत या दोन गोष्टी एकाच माणसात असतीलच असं नाही.

असो. तर आपल्याकडचा व्हॉल्व्ह बोलण्यासाठी वापरला गेला. भाषण, कीर्तन, कव्वाली, निवडणुकीचा टांगा, लग्नातली सनई. गिटारला तो अगदी मिळालाच नाही असं नाही. व्हॅन शिप्लीने इलेक्ट्रिक गिटारवर फिल्मी गाण्यांच्या रेकॉर्डी काढल्या, 1971 च्या 'दम मारो दम'मधली गिटार भूपिंदर सिंगची. पण ते स्टुडिओतलं जग. गावोगाव जो अँप्लिफायर फिरला तो लाऊडस्पीकरवाल्याचा, आणि त्याच्यापुढची अडचण बरोबर उलटी होती. अमेरिकेत 1951 मध्ये 'रॉकेट 88'च्या रेकॉर्डिंगला जाताना अँपचा स्पीकर खराब झाला, त्यात कागद कोंबून तसंच वाजवलं, आणि तो खरखरीत आवाज लोकांना आवडला. 1964 मध्ये द किंक्सच्या डेव्ह डेव्हिसने तर मुद्दाम ब्लेडने स्पीकर चिरला. ते ज्याच्या मागे लागले होते त्याला मराठीत शब्द आहे: आवाज फाटणं. आणि आबांचा सगळा जन्म आवाज फाटू नये म्हणून गेला. कर्णा फाटला की पाटील पैसे कापायचे, असं बाबा सांगतात.

हे सगळं वाचून झालं तरी अँप जळलेलाच होता. शेवटी बाबांनीच चाचांचं नाव काढलं. मंडईजवळ त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आता तिथे त्यांचा मुलगा मोबाइलची कव्हरं विकतो आणि चाचा मागच्या बाजूला खुर्ची टाकून बसतात. मी डबा रिक्षातून नेला. त्यांनी नाव न विचारता डब्याकडे बघितलं आणि म्हणाले, "हा तर स्पीकरवाल्या शेठचा. तू नातू काय?"

उलटा करून तळाचा पत्रा काढला तर आत पेन्सिलने तारखा लिहिलेल्या. दुरुस्ती केली की चाचा आत तारीख टाकायचे. सात तारखा होत्या. शेवटची 1983.

"स्पीकर जोडला होता का?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"सिरीज बोर्ड लावला होता?"

"नाही."

"मग इंजिनिअर कशाचा?"

माझ्या चुका त्यांनी बोटावर मोजून दाखवल्या. व्हॉल्व्हच्या अँपला स्पीकरचा भार नसला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेज उसळतं आणि आतलं इन्सुलेशन फुटतं. पण माझ्या बाबतीत त्याच्याही आधीचं दुखणं होतं. दोन टप्प्यांच्या मध्ये जो कागदी कपॅसिटर असतो, त्याचं काम फक्त आवाज पुढे सोडायचा, मागच्या टप्प्याचं डीसी अडवायचं. 40 वर्षांत तो गळका झाला. मग जाळीवर नको ते व्होल्टेज गेलं, दरवाजा सताड उघडला, प्लेट लाल. तेवढा करंट ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या तारेला झेपला नाही. फ्यूजमधली जाड तार कुणाची, हे मी विचारल्यावर चाचा जरा थांबले. "शेठचीच असेल. भर लग्नात फ्यूज उडाला तर माणूस काय करेल?"

पुढचे आठ महिने दर रविवारी मी तिथे जायचो. पहिले दोन रविवार त्यांनी सोल्डरिंग आयर्नला हात लावू दिला नाही. आधी सिरीज बोर्ड बनवला: लाकडी फळी, एक होल्डर, 100 वॅटचा पिवळा बल्ब, एक सॉकेट. दुरुस्तीचा सेट या बल्बमधून वीज घेतो. आत शॉर्ट असेल तर बल्ब भकभक पेटतो आणि सेट वाचतो; ठीक असेल तर एकदा उजळून मंद होतो. अख्ख्या भिवंडीत एलईडी झाल्यामुळे तो 100 वॅटचा बल्ब शोधायलाच मला तीन दुकानं लागली.

मग हात. "एक हात खिशात, कायम. दोन्ही हात आत घातलेस तर करंट छातीतून जाईल." प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नाही हे मला खरंच माहीत नव्हतं. फिल्टर कपॅसिटरमध्ये 400 व्होल्टच्या वर साठून राहतं. आधी मीटर लावायचा, मग 10 किलो-ओहमच्या जाड रेझिस्टरने ते हळूहळू उतरवायचं, मग पुन्हा मीटर. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे पुष्कळ असतात. चाचांच्या उजव्या अंगठ्याचं नख वेडंवाकडं आहे. त्यावर मी काही विचारलं नाही.

मधल्या काळात मी एक अतिशहाणपणा करणार होतो. भंगारात एक जुना रेडिओ 300 रुपयांना मिळाला. त्याचाच गिटार अँप करू, सर्किट सोपं आहे, असं म्हणून तो चाचांकडे नेला. त्यांनी व्हॉल्व्हवरचं नाव वाचलं: यूसीएल82. पुढे 'यू'. त्यांनी सेट माझ्या हातातून काढून घेतला. कोलकात्यासारख्या शहरांत पूर्वी काही भागांत डीसी वीज होती, म्हणून एसी-डीसी दोन्हीवर चालणारे रेडिओ निघायचे. त्यात मेन ट्रान्सफॉर्मर नसतो. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर एकामागे एक जोडलेले आणि विजेची एक वायर थेट चासीला. रेडिओ लाकडी खोक्यात, बटणं प्लास्टिकची, म्हणून घरात चालून गेलं. पण गिटारची वायर चासीला जोडली तर गिटारच्या तारा म्हणजे घरातली लाइन. प्लग उलटा बसायचा अवकाश. मी ज्या सर्किटला सोपं म्हणत होतो ते सोपं का होतं, ते तेव्हा कळलं.

ट्रान्सफॉर्मरचं काय करायचं हा मोठा प्रश्न होता. लॅमिंग्टन रोडला दोन चकरा मारल्या. मिळाला तो नवा, पण त्याला 100 व्होल्टची लाइन नव्हती. ही लाइन लाऊडस्पीकरच्या अँपची खूण. कर्णे अर्धा किलोमीटर लांब बांधायचे तर बारीक वायरमध्ये आवाज वाया जातो, म्हणून व्होल्टेज चढवून पाठवायचं आणि कर्ण्यापाशी छोट्या ट्रान्सफॉर्मरने उतरवायचं. विजेच्या खांबांवर करतात तेच. गिटारला तिचा काडीचाही उपयोग नाही. मला 8 ओहमचा टॅप पुरेसा होता. चाचांना नव्हता. "गिटारचा डबा करायचा असेल तर दुसरा डबा घे. याचं सगळं जसं होतं तसं होणार."

आमच्यात यावर दोन रविवार अबोला होता. मला अँप हवा होता, संग्रहालय नको होतं. उघड सांगतो, तेव्हा मला तो हट्ट म्हातारपणाचा वाटला. पण मग मी आतल्या त्या सात तारखांचा फोटो पुन्हा बघत बसलो आणि सोमवारी ऑफिसला दांडी मारून रिवाइंडिंगवाल्याकडे गेलो.

भिवंडीत यंत्रमागांच्या मोटारी रिवाइंड करणारे गल्लोगल्ली आहेत. आमच्या धामणकर नाक्याकडच्या माणसाने आयुष्यात आउटपुट ट्रान्सफॉर्मर बघितला नव्हता. त्याने तो उकलायला घेतला आणि प्रत्येक थराचे वेढे मोजून वहीत लिहायला लावले. प्रायमरीचा एक थर, मग सेकंडरीचा, पुन्हा प्रायमरी, मध्ये मेणकागद. मोटारीत असं आलटून-पालटून नसतं. "हे कशाला?" त्याने विचारलं. आदल्याच आठवड्यात शिकलो होतो म्हणून सांगता आलं: थर जितके मिसळलेले, तितका बारीक आवाज नीट जातो. तो म्हणाला, "म्हणजे शिट्टी चांगली वाजेल." चार दिवसांनी नवा गुंडाळून दिला. पैसे मोटारीच्या हिशेबाने घेतले.

व्हॉल्व्हपैकी लाल झालेला गेलाच होता. मोठे दोन नवे मागवले. पश्चिमेतले बहुतेक कारखाने 1980 च्या दशकापर्यंत बंद पडले; आता व्हॉल्व्ह रशियात, स्लोव्हाकियात आणि चीनमध्ये बनतात. मार्च 2022 मध्ये रशियाने निर्यातीवर निर्बंध आणले तेव्हा जगभरचे गिटारवाले साठा करायला धावले होते आणि भाव चढले होते. छोटे दोन मात्र चाचांनी बिस्किटांच्या डब्यातून काढले. खोक्यावर बीईएल. बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स, स्थापना 1954, रेडिओचे व्हॉल्व्ह 1961 पासून, फिलिप्सच्या सहकार्याने. कंपनी संरक्षण खात्याची, पण विविध भारती ऐकणाऱ्या कितीतरी घरांत तिचेच व्हॉल्व्ह उजळायचे. आता परदेशातले गिटारवाले हेच ईसीसी83 शोधून शोधून घेतात. मी चाचांना मोबाइलवर भाव दाखवला. त्यांनी चष्मा लावून नीट वाचला, "बावळट आहेत" म्हणाले आणि माझ्याकडून 100 रुपये घेतले.

मागच्या महिन्यात सिरीज बोर्डावर तो लावला. बल्ब उजळला, मंद झाला. स्पीकर जोडलेला होता, फ्यूज खरा होता, एक हात खिशात होता. पाच मिनिटांनी थेट लाइनवर घेतला. प्लेट करडीच राहिल्या. बाबांनी माळ्यावरचा जुना माइक आणला होता. त्यांनी तो हातात धरला आणि काही सुचेना म्हणून वर्तमानपत्रातली सोन्याची किंमत वाचून दाखवली. स्वच्छ. मग मी गिटार लावली. तीही स्वच्छ, फारच स्वच्छ. फाटेपर्यंत आवाज वाढवला तर सगळी चाळ गोळा होईल. गिटारसाठी मी आता वेगळा छोटा डबा बांधतोय, एका ईएल84 चा, मेन ट्रान्सफॉर्मरवाला.

चाचांनी आत आठवी तारीख टाकली. अक्षर थरथरीत आलं. ट्रेबल वाढवला की अजून बारीक गुरगुर येते. त्यांच्या मते इनपुटची अर्थ वायर चुकीच्या जागी आहे, माझ्या मते पहिला फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय. रविवारी पुन्हा उघडणार आहोत.